रिच्चारेल्ली: मैदा नाही, तरी बिस्किट!

आज इटलीतल्या सिएना शहराचं नाताळचं बिस्किट, रिच्चारेल्ली. २०१० पासून त्याला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे. यात मैदा नाही, लोणी नाही. सगळा खेळ बदामाचा.

२५० ग्रॅम सोललेल्या बदामांची पूड, २०० ग्रॅम पिठीसाखर आणि किसलेली संत्र्याची साल एकत्र करा. २ अंड्यांचा पांढरा भाग जरा फेसून त्यात मिसळा. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. का? बदामाची पूड ओलावा शोषते, मग चिकट मिश्रण हाताने वळता येतं.

सकाळी मोठ्या शंकरपाळ्यासारखा आकार द्या, पिठीसाखरेत घोळवा आणि १५० अंशांवर साधारण २० मिनिटं भाजा.

आता खरी गंमत. बाहेर काढल्यावर ती मऊच लागतात. कच्ची राहिली असं समजून परत ओव्हनमध्ये ढकलू नका! गार होताना ती आपोआप धरतात. तांबूस झाली, की कडक झालीच म्हणून समजा.

आणि हो, पारंपरिक कृतीत थोडे कडू बदामही असतात. घरी ते टाळा, त्यांतून सायनाइड तयार होतं. वासासाठी इसेन्सचे २ थेंब बास.