रंग खरा की लावलेला?

वावराच्या कोपऱ्यात पडलेला जुना विळा उचला आणि त्यावर बोट फिरवा. तांबूस भुकटी लागली ना? तसाच मंगळ!

आपल्या मंगळयानाने २८ सप्टेंबर २०१४ ला जवळजवळ पाऊण लाख किलोमीटरवरून अख्ख्या मंगळाचा फोटो काढला. उत्तरेकडे उठलेलं धुळीचं वादळसुद्धा त्यात दिसतं. धूळ तांबडी, कारण तिच्यातलं लोखंड गंजलंय. आता वऱ्हाडातला आजोबा विचारणारच, "पाण्याबिगर गंज कसा काय चढते वो?" बरोबर प्रश्न! मंगळावर आज नद्या नाहीत, पण वाळून गेलेली पात्रं आहेत.

त्या धुळीखालचा बराचसा दगड मात्र आपल्या ओळखीचा. काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. वाशीमची काळी माती ह्याच दगडाची झीज. रिसोडजवळच्या लोणारचं विवरही ह्याच दगडात उल्का आदळून पडलं. म्हणून मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. रॉकेट नको, एसटी पुरते!

सूर्याच्या फोटोतल्या रंगाची गोष्ट उलटी. 'आदित्य एल-१' यानावर पुण्याच्या 'आयुका' ह्या संस्थेने घडवलेली 'सूट' नावाची दुर्बीण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिने सूर्याचे पहिले फोटो पाठवले. ती टिपते अतिनील किरण. त्यातले बरेचसे आपल्या हवेतला ओझोन वरच्यावर अडवतो, म्हणून पुण्याची दुर्बीण पुण्यात ठेवून काय उपयोग? ती आहे पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर. श्रावणात आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिच्या डोळ्यांसमोर तो चोवीस तास.

पिठाची चाळणी वेगळी आणि रव्याची वेगळी, तशा ह्या दुर्बिणीत किरणांच्या अकरा चाळण्या. एकीतून सूर्यावरचे डाग उठून दिसतात, दुसरीतून डागांभोवतीचे लखलखते पट्टे. अतिनीलला आपल्या डोळ्यांपुरता रंगच नाही. फोटोतला पिवळा-केशरी नंतर भरलेला, रांगोळीत भरतात तसा.

मग मंगळाचा रंग तरी पक्का का? २०१३ मध्ये क्युरिऑसिटी गाडीने तिथल्या तांबड्या दगडाला गिरमिटाने भोक पाडलं. आतून भुकटी निघाली राखाडी! तुमचा तो विळा जरा दगडावर घासून बघा.