शार्त्रची शोमरोनी खिडकी

मध्ययुगीन चर्चमधल्या रंगीत काचांना ‘निरक्षरांचे बायबल’ म्हणायची पद्धत आहे. पोप पहिले ग्रेगरी यांनी इ. स. 600 च्या सुमारास मार्सेयच्या बिशपांना चित्रांविषयी लिहिलेल्या पत्राचा त्याला आधार देतात. पण फ्रान्समधल्या शार्त्र कॅथीड्रलची चांगल्या शोमरोन्याची खिडकी नुसती पाहणारा निरक्षर गोंधळूनच जाईल. 1194 च्या आगीनंतर उभ्या राहिलेल्या या कॅथीड्रलच्या दक्षिण बाजूला ती तेराव्या शतकाच्या आरंभी बसली. ती वाचायची खालून वर. आधी लूककृत शुभवर्तमानातला दाखला : यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटसरूला लुटारू गाठतात, याजक आणि लेवी बाजूने निघून जातात, आणि यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोन्यांपैकी एक त्याच्या जखमा बांधून त्याला उतारशाळेत नेतो. दाखला संपतो, खिडकी संपत नाही. वर आदामाची निर्मिती, निषिद्ध फळ, एदेन बागेतून हकालपट्टी, काइनाने केलेला हाबेलाचा खून. सृष्टीचा आरंभ येशूच्या गोष्टीनंतर!

हा उलटा क्रम हाच खिडकीचा अर्थ आहे. ओरिजेन, ऑगस्टीन, बीड अशा भाष्यकारांनी हा दाखला शेजारधर्माच्या उपदेशापलीकडे नेला होता. वाटसरू म्हणजे आदाम, पर्यायाने सारी माणसे. लुटारू म्हणजे सैतान. याजक-लेवी म्हणजे तारू न शकणारे जुने नियमशास्त्र. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे चर्च. लुटारू वाटसरूचे कपडे ओरबाडतात ते दृश्य पाहावे आणि फळ खाल्ल्यावर नग्नतेने ओशाळलेले आदाम-हव्वा आठवावेत : दोघांचे एकच वस्त्र गेले आहे. शिखरावर सिंहासनावर ख्रिस्त आहे.

हा अर्थ आपण मागाहून चिकटवतो, असे कुणी म्हणेल. मग सांस कॅथीड्रलची खिडकी पाहावी. तिथे दाखल्याचे प्रसंग मधल्या चौकटींत आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच्या भोवतीच्या चित्रांत : लुटलेल्या वाटसरूभोवती आदाम-हव्वा, याजक-लेवींभोवती मोशे, शोमरोन्याभोवती ख्रिस्ताचे दुःखसहन. शार्त्रने तेच एकावर एक रचले. सामान्य भाविकाला हे कसे उमगणार, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकट्याने पाहून उमगत नसेलच. पण ही व्याख्या प्रवचनांतून रुळलेली होती. धर्मगुरू बोलत आणि काच दाखला देई. गोष्टी सांगणाऱ्या खिडक्या शार्त्रमध्ये मुख्यतः खालच्या रांगेत, नजरेच्या टप्प्यात आहेत, आणि उंचावर एकेकट्या भव्य आकृती. हेही योगायोगाने झालेले नाही.

खिडकीच्या तळाशी जोडे शिवणारे मोची दिसतात. वाटसरूच्या गोष्टीखाली ते शोभतातही. त्यांना सहसा देणगीदार समजतात. या कारागीर-दृश्यांमागे त्यांची स्वखुशीची देणगी कमी आणि चर्चचा हेतू जास्त, असे काही इतिहासकारांचे मत आहे. ते खरे असले तर धर्मशास्त्राचा हात शिखरापासून मोच्यांच्या आरीपर्यंत पोचलेला होता.