किल्ली पाठवेल तो मालक

जानेवारी 2025 मध्ये हॅल्सियन या सायबर सुरक्षा कंपनीने एका खंडणीखोर टोळीची कार्यपद्धती उघड केली आणि टोळीचं नाव ठेवलं ‘कोडफिंगर’. या मंडळींनी ॲमेझॉनच्या एस3 या साठवण सेवेत कुठलंही भगदाड पाडलं नव्हतं. ग्राहकांच्या खात्यांची चोरीला गेलेली किंवा उघड्यावर पडलेली क्रेडेन्शियल्स त्यांच्या हाती लागली होती. ती वापरून त्यांनी फायली वाचल्या आणि त्याच जागी पुन्हा कूटबद्ध करून ठेवल्या. किल्ली अर्थातच स्वतःची. सात दिवसांत फायली आपोआप पुसल्या जातील असा नियम लावला आणि खंडणीची चिठ्ठी सोडली. यासाठी त्यांनी वापरलेली सोय खुद्द ॲमेझॉनचीच, तीही सुरक्षेसाठी दिलेली.

तिचं नाव एसएसई-सी. ॲमेझॉनने ती 2014 मध्ये आणली. गूगल क्लाउड आणि मायक्रोसॉफ्ट अझ्यूरकडेही तिची भावंडं आहेत. ग्राहकाने 256 बिटांची किल्ली स्वतः बनवायची आणि फाइलसोबत पाठवायची. सर्व्हर तिने फाइल कूटबद्ध करून डिस्कवर ठेवतो आणि किल्ली टाकून देतो. फाइल परत हवी असेल तर तीच किल्ली पुन्हा पाठवायची. कल्पना सुटसुटीत आहे आणि गैरसमजांची सुरुवात त्या सुटसुटीतपणातूनच होते.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की किल्ली आपल्याकडे असल्याने क्लाउड कंपनीला आपला डेटा दिसूच शकत नाही. प्रत्यक्षात कूटबद्ध करण्याचं काम कंपनीच्याच सर्व्हरवर होतं. त्या वेळेपुरती किल्ली आणि मूळ मजकूर दोन्ही सर्व्हरच्या मेमरीत असतात. फाइलचं नाव, आकार, तिला जोडलेला मेटाडेटा यांना तर ग्राहकाची किल्ली लागूच होत नाही. रुग्णाचं नाव फाइलच्या नावातच घालणाऱ्या इस्पितळाला या सोयीचा तिथे काही उपयोग नाही. युरोपातल्या डेटा संरक्षण मंडळाने 2021 मध्ये अंतिम केलेल्या शिफारशींत म्हटलं आहे, की परदेशी क्लाउड कंपनीला काम करताना डेटा उघड्या रूपात लागत असेल, तर तिथल्या सरकारी नजरेपासून वाचवणारा परिणामकारक तांत्रिक उपाय मंडळाला दिसत नाही. डेटा भारतात आहे एवढंही पुरत नाही. ॲमेझॉनची डेटा सेंटरं मुंबईत 2016 पासून आहेत, पण अमेरिकेचा 2018 चा क्लाउड कायदा अमेरिकी कंपनीच्या ताब्यातल्या डेटाबद्दल बोलतो, तो कुठल्या शहरात ठेवला आहे याबद्दल नाही. कंपनीला खरोखरच काही दिसू नये असं वाटत असेल, तर फाइल आपल्या यंत्रावरच कूटबद्ध करून मग पाठवावी लागते. ती वेगळी पद्धत, आणि तिचा व्यापही मोठा.

दुसरा समज जास्त महागात पडतो: किल्ली हरवलीच तर कंपनी काहीतरी करेल. बँकेच्या लॉकरची चावी हरवली तर अर्ज करून, पैसे भरून लॉकर फोडून घेता येतो. इथे फोडायला काही नाही. एस3 किल्ली ठेवत नाही; ती ठेवते फक्त किल्लीपासून काढलेला, यादृच्छिक ‘मीठ’ (सॉल्ट) मिसळलेला एक एचएमएसी ठसा. पुढच्या वेळी आलेली किल्ली तीच आहे का, एवढं त्यावरून पडताळता येतं. ठशावरून किल्ली काढता येत नाही. कोडफिंगरच्या बळींचं दुखणं नेमकं हेच होतं. ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल नोंदींत किल्लीचा ठसा सापडला, किल्ली नाही. याच्या तुलनेत ॲमेझॉनच्या केएमएस या किल्ली सेवेत किल्ली पुसायला सांगितली, तर 7 ते 30 दिवस थांबावं लागतं आणि तोवर हुकूम मागे घेता येतो. एसएसई-सीमध्ये असा पश्चात्तापाचा अवधी नाही.

किल्ली नसेल तर फाइलला कुणी हात लावू शकत नाही, हेही अर्धसत्यच. वाचायला किल्ली लागते. पुसायला लागत नाही. पुसण्याची परवानगी असलेला कुणीही, किल्लीचा गंध नसताना, फाइल पुसू शकतो किंवा तिच्या जागी दुसरी ठेवू शकतो. त्यापासून बचाव करतात ते बकेटचं, म्हणजे एस3 मध्ये फायली ठेवायच्या डब्याचं, जुन्या आवृत्त्या जपणारं व्हर्जनिंग, पुसणं रोखणारं ऑब्जेक्ट लॉक आणि हात आखडता घेऊन दिलेल्या परवानग्या. एन्क्रिप्शनचा इथे संबंधच येत नाही, तरी सुरक्षेच्या बैठकांत या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

मग या सोयीत राम काय? कॅपिटल वन या अमेरिकी बँकेचं 2019 चं प्रकरण पाहावं. सुमारे 10 कोटी 60 लाख लोकांची माहिती गेली. बँकेने तेव्हा सांगितलं, की आपण डेटा कूटबद्ध करतो, पण या घुसखोरीत तो उलगडणंही शक्य झालं. घुसखोराकडे बँकेच्याच सर्व्हरचे अधिकार आले होते, आणि त्या अधिकाराने मागणी केली की साठवण सेवा स्वतःच फाइल उलगडून देते. एसएसई-सी असती, तर नुसत्या क्रेडेन्शियल्सवर एस3 ने फाइल दिली नसती. यात एक अट मात्र आहे. किल्ली त्याच सर्व्हरवर, त्याच अधिकाराखाली किंवा प्रोग्रॅमच्या कोडमध्ये पडलेली असेल, तर चोराला दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळतात.

किल्ली म्हणजे पासवर्ड, हाही एक चिवट समज. ‘ganpati@123’ छापाचं काही इथे चालत नाही. नेमके 32 यादृच्छिक बाइट लागतात, बेस64 मध्ये लिहिले की 44 अक्षरं. किल्लीसोबत तिचा एमडी5 पद्धतीने काढलेला ठसाही पाठवावा लागतो. तो पाहून सुरक्षा तपासणारे दचकतात, कारण एमडी5 2004 पासूनच बदनाम आहे. इथे त्याचं काम किल्ली वाटेत बिघडली नाही ना, एवढंच पाहणं आहे. खरा धोका साध्या एचटीटीपीचा: तशी आलेली विनंती एस3 नाकारते, पण नाकारण्यापूर्वी किल्ली उघड्यावर प्रवास करून चुकलेली असते. ती फुटली असं समजून बदलणंच शहाणपणाचं.

बदलणं म्हणजे काय, हे आधी ठरवलेलं बरं. बकेटला एकच किल्ली असते असं अनेकांना वाटतं. खरं तर प्रत्येक फाइलची, आणि व्हर्जनिंग असेल तर प्रत्येक आवृत्तीची किल्ली निराळी असू शकते. कुठल्या फाइलला कुठली, याची वही ग्राहकानेच ठेवायची. जाणते लोक एक मूळ गुपित कडेकोट ठेवून त्यातून प्रत्येक फाइलची किल्ली गणिताने काढतात. किल्ली बदलायची तर जुनी आणि नवी दोन्ही पाठवून फाइलची प्रत सर्व्हरवरच करून घेता येते. मागच्या आवृत्त्या मात्र जुन्याच किल्लीवर अडकून राहतात, त्यामुळे जुनी किल्ली फेकण्याची घाई नडते.

कोडफिंगरच्या धड्यानंतर ज्यांना एसएसई-सी नकोच आहे त्यांनी बकेट पॉलिसीत ती नाकारायला सुरुवात केली. नोव्हेंबर 2025 मध्ये ॲमेझॉननेही जाहीर केलं, की एप्रिल 2026 पासून नव्या सर्वसाधारण बकेटमध्ये ही सोय मुळातच बंद असेल. हवी त्याने मुद्दाम सुरू करायची. एसएसई-सीने कूटबद्ध केलेला डेटा ज्या खात्यांत नाही, तिथल्या जुन्या बकेटनाही हाच नियम. असा डेटा ज्यांच्या खात्यात आहे, त्यांच्या जुन्या बकेट मात्र आहेत तशाच राहणार. त्यातल्या कुठल्या बंद करायच्या, हे त्यांनाच एकेक तपासून ठरवायचं आहे.