अनुनादी पोकळीतून रुंद पट्ट्याकडे

अनुनादी पोकळीच्या अँटेनाची बांधणी अगदी साधी असते. तळाला धातूचा सपाट पत्रा, त्याच्या मध्यावर एक लहान उत्सर्जक (फीड) आणि साधारण अर्ध्या तरंगलांबीवर अर्धवट परावर्तन करणारा पडदा. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३० मिलिमीटर असते, म्हणून हे अंतर सुमारे १५ मिलिमीटर ठेवतात. लहर पत्रा आणि पडदा यांच्यात येरझाऱ्या घालते आणि दर फेरीला तिचा थोडा अंश पडद्यातून निसटतो. हे सगळे अंश एकाच फेजमध्ये बाहेर आले, की ऊर्जा समोरच्या दिशेला एकवटते. फॅब्री आणि पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रकाशासाठी हेच तत्त्व वापरले होते; अँटेनासाठी फॉन ट्रेन्टिनी यांनी ते १९५६ मध्ये मांडले.

अनेक उत्सर्जकांच्या अ‍ॅरेला सिग्नल वाटणारे जाळे लागते आणि वारंवारता वाढते तशी त्यातली हानीही वाढते. इथे एकाच फीडवर भागते. हा फायदा मोठा आहे, पण त्याची किंमत बँडविड्थमध्ये मोजावी लागते.

ती किती, हे आकड्यांतून कळते. पडद्यावर आपटलेल्या लहरीच्या आयामाचा ९० टक्के भाग परत फिरत असेल, तर आदर्श स्थितीत समोरच्या दिशेची शक्ती १९ पट, म्हणजे जवळजवळ १३ डेसिबलने वाढते. अर्ध्या शक्तीपर्यंतची बँडविड्थ मात्र ३.४ टक्क्यांच्या आसपास राहते. परावर्तन ९९ टक्क्यांवर नेले तर वाढ २३ डेसिबल होते, पण बँडविड्थ ०.३ टक्क्यावर घसरते. १० गिगाहर्ट्झला जेमतेम ३२ मेगाहर्ट्झ. एक दहापट वाढले की दुसरे दहापट घटते.

या कोंडीचे मूळ फेजमध्ये आहे. वारंवारता वाढली की त्याच १५ मिलिमीटरच्या फेरीत लहरीचा फेज अधिक मागे पडतो. ही तूट भरून काढायची तर पडद्याच्या परावर्तनाचा फेज वारंवारतेबरोबर वाढायला हवा. साध्या एकपदरी पडद्यात तो उलट घटतो. म्हणून पडदा दुपदरी करतात, किंवा एकाच तक्त्याच्या एका बाजूला धातूचे तुकडे आणि दुसऱ्या बाजूला खाचा कोरतात. दोन पदरांच्या परस्परक्रियेतून एका मर्यादित पट्ट्यात फेज चढता मिळतो. त्याच पट्ट्यात परावर्तनाचे प्रमाण सहसा खाली येते, म्हणून थोडा गेन सोडावा लागतो. तरीही या क्षेत्रातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच म्हणावी लागेल, कारण ती दोषाच्या मुळाशी जाते.

दुसरी वाट फीडची. एकाऐवजी विरळ अंतरावर चार उत्सर्जक ठेवले, तर कमी परावर्तनाचा पडदाही तेवढाच गेन देतो आणि बँडविड्थ वाढते. वाटणीचे जाळे पुन्हा येते, पण लहान.

पडद्याचा आकारही विचारात घ्यावा लागतो. १० गिगाहर्ट्झला २० डेसिबल गेनसाठी पृष्ठभाग आदर्श स्थितीतही किमान साडेआठ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढा लागतो. मध्यावरच्या फीडपासून कडेकडे जाताना क्षेत्र क्षीण होते आणि फेजही ढळतो, त्यामुळे प्रत्यक्षात जागा अधिक लागते. यावर उपाय म्हणून मध्यभागी जास्त परावैद्युतांक असलेले द्रव्य आणि बाहेरच्या कड्यांत कमी परावैद्युतांकाचे द्रव्य वापरतात. त्याने पृष्ठभागावरचा फेज सारखा होतो, आणि तुलनेने लहान पडद्यातही रुंद पट्टा मिळतो.