सोयाबीनच्या भावामागची राजधानी

दिवाळीच्या तोंडावर वाशीमच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा हर्रास रंगात असतो. व्यापारी कट्ट्यात हात घालतो, मूठभर माल तळहातावर पसरतो, एक दाणा दाताखाली फोडून पाहतो. ओलावा 12 टक्क्यांच्या वर वाटला की भाव खाली. कोरड्या मालालाही भाव नसला, तर कोणीतरी हमखास म्हणतं, "काका, अर्जेंटिनात पीक बंपर आहे ना यंदा!" मुंबई धड न पाहिलेला माणूसही इथे अर्जेंटिनाच्या पावसाची चौकशी करतो. मग त्या देशाची राजधानी, ब्युनॉस आयर्स, एकदा पाहून यायला काय हरकत आहे?

तसं राजधानीचं आपल्याला अप्रूप नसावं. वाशीम म्हणजेच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. संस्कृत कवी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लावलं ते इथेच. 1939 साली गावात वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. आपली राजधानी मोडली ती मोडलीच. 1998 साली जिल्ह्याचं ठिकाण झालो, एवढंच समाधान. ब्युनॉस आयर्सही एकदा मोडलेलं गाव आहे. स्पॅनिश लोकांनी ते 1536 साली वसवलं, पुढे सोडून दिलं आणि 1580 साली पुन्हा वसवलं. त्यांचं टिकलं.

भारतातून तिकडे थेट विमान नाही. निघण्याच्या किमान 10 दिवस आधी पिवळ्या तापाची लस टोचून घ्या आणि तिचं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा. नाहीतर परतल्यावर इथेच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. घड्याळ साडेआठ तास मागे करायचं आणि ऋतू उलटा धरायचा. आपली काढणी-मळणी चालते तेव्हा तिकडे पेरणीची लगबग असते. नोव्हेंबरात शहरभर जकरंदा जांभळा फुललेला असतो.

पाहुण्यांना टँगो आणि बोका भागातली रंगीत घरं दाखवतात. जरूर पाहा. पण वाशीमकराने आधी प्लासा दे मायो या चौकात जावं. समोर गुलाबी राष्ट्राध्यक्ष भवन आहे. लष्करी राजवटीत गायब केलेल्या मुलांच्या आया 1977 पासून, डोक्याला पांढरा रुमाल बांधून, दर गुरुवारी याच चौकात फेरी घालत आल्या आहेत. तिथून आवेनिदा दे मायोने सरळ चालत गेलं की संसद लागते. 2008 साली सरकारने सोयाबीनवरचा निर्यात कर वाढवला, तेव्हा शेतकऱ्यांनी महिनोन्‌महिने रस्ते अडवले आणि राजधानीतल्या लोकांनी भांडी बडवत त्यांना साथ दिली. 17 जुलैच्या पहाटे याच संसदेच्या सिनेटमध्ये त्या करवाढीवर 36 विरुद्ध 36 अशी मतं पडली. निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्ष हुलिओ कोबोस यांचं, आणि ते त्यांनी आपल्याच सरकारच्या विरोधात टाकलं! मला त्या इमारतीच्या घुमटापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. आपल्याकडे 2025 च्या मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आलं, तेव्हा सोयाबीनवाल्या शेतकऱ्यासाठी ताटं वाजवणारं शहर मला तरी दिसलं नाही.

शाकाहारी माणसाचे तिथे थोडे हाल होतात. गोमांसाचा देश तो. पण एम्पानादा मिळतो, आणि तो पाहिला की आपला कानवलाच आठवतो. तसाच अर्धचंद्र, तशीच काठाला घातलेली मुरड. गंमत म्हणजे मुरडीवरून आतलं सारण ओळखतात: मांसाची मुरड वेगळी, चीज-कांद्याची वेगळी. पण दर दुकानाची रीत निराळी, म्हणून विचारूनच घ्यावा. मक्याचं सारण मागा.

संध्याकाळी रिओ दे ला प्लाताच्या काठावर जा. पैनगंगेच्या पुरासारखं गढूळ पाणी, आणि पलीकडचा काठ दिसतच नाही. सुमारे 300 किलोमीटरवर, पराना नदीकाठच्या रोसारिओच्या परिसरात सोयाबीन गाळणारे प्रचंड कारखाने आहेत. तिथली तेलाची जहाजं याच पाण्यातून समुद्राकडे निघतात. अर्जेंटिनाच्या सोयातेलाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भारत. ते तेल कांडल्यासारख्या बंदरांत उतरतं, रिफाइंड होतं, पाकिटात भरलं जातं. सोयाबीन विकून परतताना मालेगाव-रिसोडचा शेतकरी किराणा दुकानात थांबतो आणि चकल्या तळायला तेलाची दोन पाकिटं घेतो.