डोळस मदत

दिल्लीच्या दक्षिण-पश्चिम भागात रामकृष्ण परमहंसांच्या नावाने वसलेली रामकृष्णपुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. टपालाच्या पत्त्यापासून बसच्या पाटीपर्यंत ती ‘आर. के. पुरम’ म्हणूनच ओळखली जाते. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून बदलीवर आलेली कुटुंबे येथील सेक्टरांमधून वर्षानुवर्षे शेजारधर्म पाळत राहिली. सख्खे नातलग शेकडो कोसांवर असल्याने अडीअडचणीला प्रथम धावून येतो तो शेजारी, हा येथील नित्याचा अनुभव.

याच वसाहतीच्या सेक्टर ५ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेचे दिल्लीतील केंद्र आहे. ही संस्था मूळची मुंबईची. तिची स्थापना १९५२ साली झाली. दृष्टिहीन मुलांचे शिक्षण, ब्रेल पुस्तके, संगणकाचे प्रशिक्षण व ध्वनिमुद्रित पुस्तके अशी कामे या केंद्रात चालतात आणि त्यांना स्वयंसेवकांचाही हातभार लागतो. कोणी पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतो, तर कोणी परीक्षेत विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून बसतो. बाहेरून साधे दिसणारे हे काम नीट करणे मात्र सोपे नाही. त्यामागील तत्त्व एकदा उमगले, की ते परीक्षागृहापुरते न राहता रस्त्यावर, दुकानात आणि बँकेच्या खिडकीपाशीही उपयोगी पडते.

सहा ठिपक्यांची लिपी

दृष्टिहीन व्यक्तीला स्वतः वाचता यावे, यासाठी लुई ब्रेल (१८०९-१८५२) या फ्रेंच शिक्षकाने उठावदार ठिपक्यांची लिपी तयार केली. तो स्वतः बालपणीच अंध झाला होता. दोन उभ्या ओळींत प्रत्येकी तीन, अशा सहा ठिपक्यांच्या मांडणीतून ६३ चिन्हे तयार होतात. भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ १९५१ साली स्वीकारण्यात आली. त्यामुळे मराठीतील ‘क’ आणि तमिळमधील ‘क’ यांचे ठिपके एकच असतात. वेलांटी किंवा उकार अक्षराला जोडला जात नाही. तो अक्षरानंतर स्वतंत्र चिन्हाने येतो. पाटी व टोचणीने लिहिताना कागदाच्या मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे ठिपके पाडावे लागतात. कागद उलटला की ते डावीकडून उजवीकडे वाचता येतात.

महाराष्ट्रात या कार्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत सुरू केलेली अंधशाळा पुढे दादरची शाळा म्हणून नावारूपाला आली. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांच्या संपादनाखाली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू झाले आणि दृष्टिहीन मराठी वाचकाला स्वतःच्या बोटांनी वृत्तपत्र वाचण्याचा आनंद मिळाला.

लेखनिकाचे मौन

ब्रेल येणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही परीक्षेत एक अडचण उभी राहते. प्रश्नपत्रिका बहुधा छापील असते आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ब्रेल वाचता येईलच असे नाही. संगणकामुळे आता काही ठिकाणी हा प्रश्न सुटू लागला असला, तरी असंख्य विद्यार्थ्यांना लेखनिकाचा आधार घ्यावाच लागतो. विद्यार्थ्याने सांगायचे व लेखनिकाने लिहायचे, अशी ही पद्धत. केंद्र सरकारने २०१३ साली यासाठी एकसमान मार्गदर्शक सूचना काढल्या व पुढे त्यांत वेळोवेळी सुधारणा केल्या. २०१३ च्या सूचनांनुसार परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटांचा जादा वेळ देय ठरला.

लेखनिकाची खरी कसोटी लागते ती मौनाची. विद्यार्थी चुकीचे उत्तर सांगत आहे हे कळत असले, तरी त्याने सुचवायचे नाही. वाक्य अधिक सुबक करायचे नाही. प्रश्न चार वेळा वाचावा लागला, तर चारही वेळा तो तितक्याच शांतपणे वाचायचा. योग्य पर्यायावर आवाज किंचितही चढवायचा नाही. याउलट त्याने आळसाने एखादे वाक्य गाळले, तर विद्यार्थ्याला ते दिसणारही नाही. वर्षभराची मेहनत एका अपरिचित माणसाच्या प्रामाणिकपणावर सोपवलेली असते. ठरलेल्या दिवशी लेखनिक आलाच नाही, तर ते वर्षही हातचे जाऊ शकते. म्हणून येथे वेळेवर येणे हीच पहिली दया, आणि स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवणे ही दुसरी. लेखनिक फक्त डोळे आणि हात उसने देतो. बुद्धी विद्यार्थ्याची असते आणि मिळणारे गुणही त्याचेच असतात.

बँकेच्या खिडकीपाशी

हेच तत्त्व बँकेच्या व्यवहाराला तंतोतंत लागू पडते. दृष्टिहीन ग्राहकाची फसवणूक होऊ नये, या काळजीपोटी पूर्वी अनेकदा त्याला धनादेश पुस्तिका किंवा एटीएम कार्ड नाकारले जाई. हेतू चांगला असला, तरी परिणाम त्याला परावलंबी करण्यातच होई. रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ च्या परिपत्रकाद्वारे याबाबत स्पष्ट निर्देश दिले. त्रयस्थाच्या नावे काढावयाच्या धनादेशासह धनादेश पुस्तिका, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्जे, क्रेडिट कार्ड या सर्व सुविधा दृष्टिहीन ग्राहकांना कोणताही भेदभाव न करता देण्यात याव्यात, असे त्यात म्हटले आहे. १ जुलै २०१४ पासून बसविली जाणारी नवी एटीएम यंत्रे बोलणारी व ब्रेल कळफलक असलेली असावीत, असेही निर्देश पुढे देण्यात आले.

नोटा ओळखण्यासाठी १०० रुपयांच्या नोटेवर उठावदार त्रिकोण व ५०० रुपयांच्या नोटेवर वर्तुळ असते. दोन्ही कडांना तिरप्या रेषाही असतात. १०० च्या नोटेवर चार आणि ५०० च्या नोटेवर पाच. मात्र हाताळून झिजलेल्या नोटेवरील उठाव बोटांना सहज लागत नाही. २०० व ५०० रुपयांच्या नोटांच्या लांबीतील फरकही अवघा ४ मिलिमीटर आहे. म्हणून रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे मोबाइल ॲप उपलब्ध केले. कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची आहे, हे ते बोलून सांगते. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.

व्यवहार मोबाइलवर आल्यानंतर नवे अडथळेही उभे राहिले. ग्राहकाची ओळख पटविताना कॅमेऱ्याकडे पाहून पापण्या मिटण्यास सांगितले जाते. ज्याला पडदाच दिसत नाही त्याने ते कसे करावे? सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि ही प्रक्रिया दिव्यांगांना सुलभ करण्याचे निर्देश दिले.

मदत करताना

नियम व यंत्रे आपले काम करतील. उरलेले काम माणसाचे. त्यासाठी पुढील साध्या गोष्टी पाळाव्यात.

दृष्टिहीन व्यक्ती भेटल्यास प्रथम आपले नाव सांगावे आणि मदत हवी का, हे विचारावे. ‘नको’ असे उत्तर आल्यास वाईट वाटून घेऊ नये. रस्ता ओलांडताना हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा, म्हणजे ती व्यक्ती तो धरून अर्धे पाऊल मागून चालू शकते. पांढऱ्या काठीला हात लावू नये. सोबत दुसरे कोणी असले, तरी प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारावा. बँकेत अर्ज भरून देताना लिहिलेला मजकूर संपूर्ण वाचून दाखवावा. पैसे देताना प्रत्येक नोट किती रुपयांची, हे सांगत ती हातात ठेवावी. पण शेजारच्या रांगेला रक्कम ऐकू जाणार नाही, इतक्या हळू आवाजात. एटीएमचा गुप्त क्रमांक विचारू नये आणि सांगू लागल्यास ऐकू नये. निघताना ‘मी जातो’ एवढे अवश्य सांगावे, नाहीतर ती व्यक्ती रिकाम्या जागेशी बोलत राहते.

यांपैकी कशालाही पैसा लागत नाही, फारसा वेळही लागत नाही. लागते ते थोडे अवधान. ज्याला मदत करायची, त्याचा निर्णय त्याच्याच हाती राहू द्यावा, हे लेखनिकाचे व्रत प्रत्येकाला पाळता येण्याजोगे आहे. आपल्या शाखेत किंवा आपल्या गल्लीत पांढऱ्या काठीचा आवाज पुढच्या वेळी ऐकू आला, की आधी विचारावे आणि मग कोपर पुढे करावा. हवी तेवढी आणि हवी तशी मदत हीच खरी डोळस मदत होय.