भायखळ्याचे संग्रहालय : मुंबईच्या इतिहासाचे दालन

पाहण्यापूर्वी जाणून घ्यावे असे काही

- स्थान व आरंभ : राणीच्या बागेच्या आवारातील ही वास्तू १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम’ या नावाने रयतेस खुली झाली.
- नामांतर : ज्यांनी तिच्या उभारणीसाठी अविश्रांत परिश्रम केले, त्या धन्वंतरी व प्राच्यविद्यापंडित डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव तिला १९७५ साली देण्यात आले.
- नगराचा पूर्वेतिहास : १६६१ च्या विवाहतहान्वये पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आलेले मुंबई बेट १६६८ साली, सालिना दहा पौंड खंडाने, ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली गेले.
- दालनातील संग्रह : जुने नकाशे, प्रतिकृती, तसेच निरनिराळ्या जमातींचे पेहराव व पगड्या दर्शविणाऱ्या मृण्मय मूर्ती.
- भेद : ‘मूळ वस्तू’ म्हणजे त्या काळी प्रत्यक्ष वापरात असलेली; ‘प्रतिकृती’ म्हणजे पाहणाऱ्यास बोध व्हावा म्हणून मुद्दाम घडविलेली.
- दगडी हत्ती : ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी घारापुरीस ‘एलिफंटा’ म्हटले, तो हत्ती १८६४ साली उचलताना भंगला, पुढे सांधलेला तो आज संग्रहालयाबाहेर उभा असून त्याच्या अंगावरील सांधे निरखून पाहावेत.
- सुट्टी : बुधवार.